ड्राइव्ह झोपतच नाही : पंपाच्या व्हीएफडीतल्या फंक्शन्सबद्दल थोडी तक्रार

पंपाच्या व्हीएफडीचं कुठलंही माहितीपत्रक उघडा, हा दावा हमखास सापडतो: वेग २० टक्के कमी करा, वीज निम्म्यावर येईल. यामागचं गणित बरोबर आहे. सेंट्रिफ्यूगल पंपात प्रवाह वेगाच्या प्रमाणात बदलतो, हेड वेगाच्या वर्गाच्या आणि शक्ती घनाच्या प्रमाणात. ०.८ चा घन ०.५१२. झाली की ४९ टक्के बचत! अडचण एवढीच, की हे सूत्र जिथे चिकटवलं जातं तिथे ते बऱ्याचदा बसत नाही.

ते नीट बसतं ते बंद चक्रात. म्हणजे एसी प्लँटमधलं थंड पाणी नुसतं गोल फिरतंय आणि सगळं हेड पाइपातल्या घर्षणात खर्च होतंय, अशा ठिकाणी. पण आपल्याकडचे बहुतेक पंप पाणी वर चढवतात: विहिरीतून शेतात, जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवर. मोटर हळू फिरवली म्हणून गच्ची खाली येत नाही. या उंचीला स्थिर हेड म्हणतात.

एक उदाहरण करून बघू. पूर्ण वेगाला, म्हणजे ५० हर्ट्झला, व्हॉल्व्ह बंद असताना पंप ५० मीटर हेड देतो आणि पूर्ण प्रवाहाला ४० मीटर. त्या ४० पैकी ३० मीटर नुसती उंची, १० मीटर घर्षण. आता वेग ८० टक्के करा, म्हणजे ४० हर्ट्झ. बंद व्हॉल्व्हचं हेड ५० वरून ३२ मीटरवर येतं. ३० मीटर तर चढायलाच हवेत, उरले २. पंप आणि पाइप दोन्हींचे वक्र वर्गाचे धरले तर प्रवाह येतो साधारण ३२ टक्के. ८० टक्के नव्हे! आणखी थोडं खाली, ३८.७ हर्ट्झला, प्रवाह शून्य. मोटर फिरतेय, मीटर फिरतोय, पाणी मात्र जागचं हलत नाही.

इथे पहिली टीका आमच्याच जमातीवर. पंप ड्राइव्हवरचे मी वाचलेले बरेच शोधनिबंध सिम्युलेशनमध्ये टॉर्क वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरतात आणि पुढे व्हेक्टर कंट्रोल, स्विचिंगची पद्धत यांवर मेहनत घेतात. ती मेहनत खरी आहे. पण टॉर्कचं ते समीकरण लिहिलं की स्थिर हेड शून्य धरलं, हे कुणी सांगत नाही. मग निष्कर्षात आलेली बचत कंट्रोलरची किती आणि गृहीतकाची किती, हे वाचणाऱ्याने कसं ओळखायचं?

दुसरी टीका स्लीप फंक्शनवर, खरं तर ते ज्या पद्धतीने सेट केलं जातं त्यावर. हाउसिंग सोसायटीत पाइपात कायम दाब ठेवणारा पंप असतो. पीआयडी कंट्रोल दाब मोजतो आणि वेग कमी-जास्त करतो. रात्री कुणी नळ उघडत नाही, तेव्हा ड्राइव्हने झोपावं आणि दाब उतरला की जागं व्हावं, अशी कल्पना. कल्पना उत्तमच. पण बऱ्याच ड्राइव्हमध्ये झोपायची अट असते ती फ्रिक्वेन्सीची. वरचाच पंप घ्या, दाब ३० मीटरवर (साधारण ३ बार) ठेवायचाय आणि स्लीप फ्रिक्वेन्सी लावलीय २५ हर्ट्झ. आता गंमत बघा. सगळे नळ बंद असले तरी ३० मीटर दाब टिकवायला पंपाला ३८.७ हर्ट्झवर फिरावंच लागतं. २५ कधी येणारच नाही. ड्राइव्ह रात्रभर जागा! तेच पाणी घुसळून तापतं, सील खराब होतं आणि बिल येतं ते वेगळंच. स्लीपची मर्यादा शून्य प्रवाहाच्या फ्रिक्वेन्सीच्या किंचित वर हवी, आणि ती प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. ती शोधायला व्हॉल्व्ह बंद करून दोन मिनिटं बघावं लागतं. काही ड्राइव्हमध्ये कमी आणि जास्त अशा दोन वेगांवर शून्य प्रवाहाची शक्ती मोजून घ्यायची सोय असते. ही सोय मला सगळ्यात शहाणपणाची वाटते, पण मॅन्युअलमध्ये ती कुठेतरी मागे दडलेली असते.

ड्राय-रनचंही तसंच. करंट एका ठरावीक आकड्याखाली गेला की बंद, असं सेटिंग ५० हर्ट्झला ठीक चालतं. वेग कमी झाला की करंट एरवीही कमी होतो. मग विहिरीत पाणी असताना पंप उगाच ट्रिप होतो. वैतागून कुणीतरी ते संरक्षणच बंद करून टाकतं आणि पुढे खरोखर पाणी आटतं तेव्हा मोटर वाचवायला कोणी नसतं.

सौर पंपात ही गोष्ट थेट शेतकऱ्याच्या अंगावर येते. २०१९ मध्ये पीएम-कुसुम योजना आली आणि अशा पंपांची संख्या वाढली. यात ड्राइव्ह उन्हानुसार फ्रिक्वेन्सी ठरवतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात मोटर फिरते, पण शून्य प्रवाहाची रेषा ओलांडेपर्यंत थेंबही येत नाही. विहीर खोल तितकी ती रेषा वर. सबमर्सिबल मोटरचं थ्रस्ट बेअरिंग पाण्यावर तरंगतं. त्यासाठी साधारण ३० हर्ट्झच्या वर वेग लागतो, म्हणून त्याखाली रेंगाळणं वाईटच. पॅनेल किती वॉटचं हे सगळे विचारतात, या पंपाला पाणी कितव्या हर्ट्झला येतं हे क्वचित कुणी विचारतं.

व्हीएफडी घेऊ नका, असं माझं म्हणणं मुळीच नाही. हळू चालू-बंद होण्याने पाइपातला पाण्याचा तडाखा कमी होतो, सुरुवातीचा करंट आटोक्यात राहतो, आणि घर्षण जास्त असेल तिथे बचतही भरपूर होते. विकत घेण्याआधी फक्त तीन आकडे मागा: स्थिर हेड किती, शून्य प्रवाहाची फ्रिक्वेन्सी किती, आणि एक हजार लिटर पाण्याला किती युनिट. विक्रेत्याने तिसऱ्याचं उत्तर टक्क्यांत दिलं, तर प्रश्न पुन्हा विचारा.