वेड–मिंगोस नियम: मोजणी कुठपर्यंत पुरते?

धातू कार्बोनिल क्लस्टरची रचना ठरवताना बरेच विद्यार्थी इलेक्ट्रॉन मोजून थांबतात. वेड–मिंगोस नियम उपयुक्त आहेत यात शंका नाही. सहा ऑस्मियम अणू व १८ कार्बोनिल असलेल्या उदासीन संयुगात ४८ + ३६ = ८४ संयुजा इलेक्ट्रॉन असतात. प्रत्येक धातू-अणूमागे १२ वजा केल्यास १२ उरतात, म्हणजे सांगाड्यासाठी ६ जोड्या. यावरून पाच शिरोबिंदूंचा त्रिकोणी द्विपिरॅमिड मिळतो आणि सहावा अणू त्याच्या एका फलकावर टोपीसारखा बसतो. प्रत्यक्षात तसेच आढळते. याच संयुगाच्या द्विऋण आयनात ७ जोड्या असतात व तो अष्टफलकीय असतो. हेही जुळते.

आता या आयनाला दोन प्रोटॉन जोडा. जोड्या ७च राहतात, पण सांगाडा टोपी असलेल्या चौरस पिरॅमिडचा होतो. नियम मोडलेला नाही, कारण चौरस पिरॅमिडलाही ७ जोड्याच लागतात आणि टोपीमुळे त्या वाढत नाहीत. मात्र या दोन रचनांतून एक निवडणे मोजणीला जमत नाही. तो निर्णय क्ष-किरण स्फटिकशास्त्राने दिला. म्हणून उत्तरात ‘रचना सिद्ध होते’ असे न लिहिता ‘मोजणीशी सुसंगत रचना’ असे लिहावे.