पेशी म्हणजे कारखाना? – एका रुळलेल्या उपमेची तपासणी

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीजवळील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही मानवी पेशीची एक प्रतिकृती पाहिली. थर्मोकोलच्या पाटीवर रंगीत मातीची पेशीअंगके चिकटवलेली होती आणि प्रत्येकाजवळ एक चिठ्ठी होती. केंद्रक म्हणजे मॅनेजरचे ऑफिस, गॉल्गी पिंड म्हणजे पॅकिंग खाते, तंतुकणिका म्हणजे पॉवरहाऊस आणि लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या. ज्या मुलांच्या घरी पाळी, बॉयलर, पॅकिंग हे शब्द रोज कानावर पडतात, त्यांना ही मांडणी जवळची वाटावी यात नवल नाही.

माहिती सांगणाऱ्या मुलीला सातवीतल्या एका मुलाने विचारले, “तारापूरच्या पॉवरहाऊसला समुद्राचं पाणी लागतं. मग या पॉवरहाऊसला कुठलं पाणी लागतं?” मुलगी गोंधळली. जवळ उभ्या असलेल्या शिक्षकांनी “पुस्तकात तेवढंच दिलंय” असे सांगून प्रश्न मिटवला. आमच्या मते तो त्या प्रदर्शनातील सर्वांत चांगला प्रश्न होता. तो अनुत्तरित राहिला याचा दोष त्या शिक्षकांकडे जात नाही. पेशीतील प्रत्येक अंगकाला एक विशेषण चिकटवायचे आणि तेच उत्तर म्हणून पाठ करून घ्यायचे, ही जी पद्धत आपल्या पुस्तकांत, मार्गदर्शकांत आणि प्रश्नपत्रिकांत रुळली आहे, तिची ही मर्यादा आहे.

ऊर्जाकेंद्राची उपमा

तंतुकणिकेला ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ हे नाव फिलिप सिकेविट्झ यांच्या 1957 सालच्या एका लेखामुळे लोकप्रिय झाले. तंतुकणिकेत अन्नातील ऊर्जा एटीपी या रेणूच्या रूपात उपलब्ध होते हे तेव्हा ठाऊक होते, ती कशी होते हे मात्र उलगडले नव्हते. म्हणजे हे नाव कामाचे वर्णन करते, कार्यपद्धतीचे नाही.

आता त्या मुलाचा प्रश्न घेऊ. तारापूरच्या 1969 मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची रचना अशी आहे की, अणुइंधनाच्या उष्णतेने भट्टीतच पाणी उकळते, वाफेने टर्बाइन फिरते आणि काम झालेल्या वाफेचे पुन्हा पाणी करण्यासाठी समुद्राचे थंड पाणी वापरले जाते. एका बाजूला खूप गरम आणि दुसऱ्या बाजूला थंड, असा फरक असल्याशिवाय हे यंत्र चालणार नाही. समुद्र लागतो तो यासाठी. पेशीच्या आत असा मोठा तापमानफरक राखता येत नाही. त्यामुळे उष्णतेवर चालणारे यंत्र तेथे उपयोगाचे नाही.

मग तंतुकणिका काय करते? अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन तिच्या आतील पटलावरील प्रथिनांच्या साखळीतून ऑक्सिजनपर्यंत पोचतात. या प्रवासात सुटणाऱ्या ऊर्जेने प्रोटॉन पटलाच्या आतून बाहेर ढकलले जातात आणि तेथे त्यांची गर्दी होते. परत आत येण्यासाठी त्यांना एका विशिष्ट प्रथिनातूनच यावे लागते. येताना ते त्या प्रथिनाचा एक भाग अक्षरशः फिरवतात आणि त्या फिरण्यातून एटीपी तयार होतो. ही कल्पना पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडली. बराच काळ तिला विरोध झाला आणि 1978 मध्ये तिला नोबेल पारितोषिक मिळाले. प्रथिनाचे प्रत्यक्ष फिरणे जपानी शास्त्रज्ञांनी 1997 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले.

तेव्हा त्या मुलाला सांगता आले असते की, तंतुकणिका तारापूरपेक्षा कोयनेच्या अधिक जवळची आहे. धरणात उंचावर अडवलेले पाणी खाली येताना टर्बाइन फिरवते, तसे पटलाबाहेर साठलेले प्रोटॉन आत येताना प्रथिन फिरवतात. अशा केंद्राला वाफ लागत नाही, म्हणून ती थंड करायला समुद्रही लागत नाही. एका बाबतीत मात्र तारापूरची उपमाही टिकते. वीज जशी लागेल तशी निर्माण करावी लागते, तसाच एटीपीही. शरीरात एका वेळी तो थोडाच असतो, पण मोडून पुन्हा बनवलेल्या एटीपीची दिवसभराची बेरीज केली तर ती साधारण आपल्या वजनाच्या आसपास जाते.

आत्मघाती कोण?

दुसरे विशेषण याहून दिशाभूल करणारे आहे. लयकारिकांचा शोध क्रिस्तियान द ड्यूव यांनी 1955 मध्ये लावला. पाचक विकरांनी भरलेल्या या पिशव्या फुटल्या तर पेशी स्वतःलाच पचवील, या विचारातून ‘आत्मघाती पिशव्या’ हे नाव आले. परंतु ही विकरे आम्लधर्मी वातावरणात काम करतात, पेशीद्रव्य जवळजवळ उदासीन असते. त्यामुळे थोडी गळती झाली तरी लगेच अनर्थ होत नाही. लयकारिकांचे रोजचे काम आहे जुने भाग मोडून त्यांतील माल पुन्हा वापरात आणणे. या ‘स्वभक्षणा’च्या यंत्रणेवरील संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे नोबेल मिळाले.

याउलट, पेशीच्या नियोजित मृत्यूच्या एका प्रमुख मार्गात निर्णायक घटना घडते ती तंतुकणिकेत. तिच्यातून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडले की मृत्यूची प्रक्रिया सुरू होते. म्हणजे ज्याला आपण आत्मघाती म्हणतो ते अंगक मुख्यतः पुनर्वापराचे काम करते आणि ज्याला केवळ वीजघर म्हणतो ते मृत्यूचीही कळ दाबते. ‘जोड्या लावा’ या प्रश्नात मात्र याच्या नेमके उलट लिहिले की गुण मिळतात.

आकृतीत न बसणारी पेशी

आमचा सर्वांत मोठा आक्षेप ‘नमुनेदार मानवी पेशी’च्या आकृतीवर आहे. त्या आकृतीत मधोमध केंद्रक असते, भोवती सर्व अंगके असतात. आपल्या शरीरातील पेशी मोजल्या तर संख्येने 80 टक्क्यांहून अधिक पेशी तांबड्या रक्तपेशी आहेत आणि परिपक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते, तंतुकणिका नसतात, लयकारिकाही नसतात. मॅनेजर नाही, पॉवरहाऊस नाही, तरी हा ‘कारखाना’ सुमारे 120 दिवस चालतो. ऊर्जा मिळते ती पेशीद्रव्यातच ग्लुकोजचे ऑक्सिजनविना विघटन करून. ऑक्सिजन वाहून नेणाऱ्याने वाटेत तो स्वतःच वापरू नये, अशी ही सोय म्हणता येईल.

पालघर जिल्ह्यात या पेशीकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. येथील आदिवासी समाजात सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील 146 अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढाच बदल. पण ऑक्सिजन कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, असह्य वेदना होतात. शिवाय अशी पेशी 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते, म्हणून रक्तक्षय होतो.

येथे एखादा विद्यार्थी विचारील, “या पेशीत केंद्रक नाही, तर जनुकातला दोष आला कुठून?” हा प्रश्न यावा म्हणूनच हे उदाहरण शिकवावे. अस्थिमज्जेत ही पेशी तयार होत असताना तिला केंद्रक असते. जनुकाची प्रत केंद्रकातून बाहेर येते, रायबोसोमवर हिमोग्लोबिन बनते आणि मग केंद्रक बाहेर टाकले जाते. केंद्रक, रायबोसोम, प्रथिन आणि पेशीचा आकार या साऱ्यांचा संबंध एका उदाहरणात उलगडतो. सुट्या चिठ्ठ्यांतून तो कधीच उलगडणार नाही.

1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणी करून कार्डे दिली जातात. त्या कार्डाचा अर्थ घरात समजावून सांगणारा पहिला माणूस पुष्कळदा शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल. हा आजार स्पर्शाने होत नाही, फक्त वाहक असलेली व्यक्ती सहसा निरोगी असते, आणि दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, एवढे तरी त्याला ठामपणे सांगता यायला हवे. मात्र वर्गात “कार्ड कोणाकोणाकडे आहे?” असे कोणीही विचारू नये. ती माहिती ज्याची त्याची आहे.

काय करता येईल?

उपमा टाकून द्याव्यात असे आमचे म्हणणे नाही. अनोळखी गोष्टीकडे जाण्याची ती पहिली पायरी असते. पण प्रत्येक उपमेसाठी फळ्यावर दोन रकाने करावेत: ‘कुठे जुळते’ आणि ‘कुठे जुळत नाही’. दुसरा रकाना मुलांनी भरावा. बोईसरची मुले तो आपल्यापेक्षा चांगला भरतील, कारण कारखाना म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे. आणि परीक्षेत “तंतुकणिकेला ऊर्जाकेंद्र का म्हणतात?” या प्रश्नाशेजारी “तंतुकणिका नसलेली तांबडी रक्तपेशी कशी जगते?” हाही प्रश्न असावा. त्याचे उत्तर पाठ करून देता येणार नाही. विचारच करावा लागेल.