बाराखडी पाठ म्हणजे वाचन नव्हे

मूल ‘क, का, कि, की’ घडाघड म्हणूं लागलें, कीं तें वाचावयास शिकलें असें आपण समजतों. बाराखडीची रचना शास्त्रशुद्ध आहे, यांत शंका नाहीं. स्वर पालटला कीं अक्षर कसें पालटतें, हें ती एका ओळींत दाखविते. दोष आहे तो शिकविण्याच्या रीतींत. ‘कला काना का’ हें सूत्र हाताला वळण लावतें, कानाला नव्हे. ‘कमळ’ हा शब्द दाखवितांच मूल तीन सुटीं अक्षरें म्हणतें. पण बोलण्यांत शेवटचा ‘अ’ उरतच नाहीं. ‘कि’ची वेलांटी डोळ्यांना आधीं दिसते, तिचा स्वर मात्र मागून ऐकूं येतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च लिहावयाचा एक, उच्चारावयाचे दोन! हे भेद पाठांतरानें उमगत नाहींत. मग अडखळणारें मूल मंद ठरतें. दोष पद्धतीचा, शिक्षा मुलाला!

यास्तव शब्द आधीं कानांनीं फोडावा, मग डोळ्यांनीं जोडावा. ‘मान’मधला म काढून तेथें क घातला तर काय होईल, असें घरीं सहज विचारून पाहावें. मुलानें आपल्या कानाला हात लावला, कीं वाचनाचा श्रीगणेशा झाला असें खुशाल समजावें.