नावे न वाचणारी विलापिका

थॉमस ग्रे ह्या इंग्रज कवीची खेड्यातील चर्चच्या दफनभूमीवरील विलापिका १७५१ साली प्रसिद्ध झाली. महाविद्यालयात इंग्रजी घेतलेल्या आपल्यापैकी अनेकांनी ती परीक्षेपुरती वाचली असेल. ती पुन्हा वाचावी आणि शक्य तर २ नोव्हेंबरच्या सायंकाळी, कबरींवर मेणबत्त्या लावून घरी परतल्यावर वाचावी. मग तिच्या सौंदर्याबरोबर तिच्यातील उणीवही जाणवते.

सौंदर्याविषयी वाद नाही. मावळतीचा उजेड, परतणारी गुरे, थकलेला शेतकरी, वेलींनी वेढलेला मनोरा. एकेक आवाज विझत जातो आणि अखेरीस कवी व मातीचे उंचवटे एवढेच उरतात. चार ओळींच्या बत्तीस कडव्यांत ही चाल कोठेही घाई करीत नाही. ह्या मातीखाली एखादा मिल्टन किंवा क्रॉमवेल संधीवाचून निजला असेल, असा विचार त्या काळच्या एका विद्वानाने गरीब खेडुतांविषयी करावा, हे लहान नव्हे. (पहिल्या खर्ड्यात ही नावे रोमन होती. ती बदलून ग्रेने आपल्या देशाची घातली, हे फार योग्य केले.)

परंतु नावे आहेत ती ह्या थोरांचीच. दगडांवर अडाणी हातांनी कोरलेली नावे व वर्षे आहेत, असे कवीच सांगतो. पण त्यांतले एकही तो आपल्याला वाचून दाखवीत नाही. विस्मृतीत गेलेल्यांवरील ह्या काव्यात त्यांच्यापैकी कोणीही नावानिशी भेटत नाही. शेवटची तीन कडवी, म्हणजे प्रत्यक्ष मृत्युलेख, तीही एका सुशिक्षित, उदास तरुणाच्या वाट्याला जातात. विल्यम एम्पसन ह्या समीक्षकाने १९३५ साली आणखी एक दोष दाखविला. गरिबांच्या वाया गेलेल्या गुणांना समुद्रतळीच्या रत्नाची व रानफुलाची उपमा दिल्याने अन्याय हा निसर्गक्रमच वाटू लागतो. मला हे पटते. रत्नाला शाळा नको असते. मजुराच्या मुलाला हवी असते.

आपल्या वाचकाला आणखी एक गोष्ट खटकेल. वाटसरूकडे ही विलापिका उसासा मागते, मृतांसाठी प्रार्थना मागत नाही. धर्मसुधारणेनंतर इंग्लंडच्या चर्चने दफनविधीतून ती याचना वगळली होती. ग्रेजवळ उसासाच उरला होता, हा काही त्याचा अपराध नव्हे. आपणाजवळ मिस्सा आहे, रोझरी आहे. तरीही पणजोबांची कबर नेमकी कोठे होती, हे आपल्यापैकी कितीजण दाखवू शकतील? म्हणून ग्रेला दोष देताना माझी लेखणी थोडी अडखळते.

विलापिकेचे स्थळ म्हणून बकिंगहॅमशर परगण्यातील स्टोक पोजेस हे गाव ओळखले जाते. ग्रेची आई लंडनमध्ये दुकान चालवीत असे. तिच्या बारा मुलांपैकी तो एकटाच जगला. १७५३ साली ती वारली, तेव्हा तिच्या स्मृतिलेखाचे मोजके शब्द त्यानेच लिहिले. माझ्या मते विलापिकेतील मृत्युलेखापेक्षा ते अधिक खरे आहेत, कारण तेथे माणूस ठाऊक आहे. १७७१ साली त्यालाही त्याच कबरीत पुरण्यात आले. शेजारच्या शेतात १७९९ साली जॉन पेन ह्यांनी त्याचे भव्य स्मारक उभारले. आईच्या कबरीवरील लेखात मात्र त्याचे नाव नाही. ते चर्चच्या भिंतीवरील एका लहान पाटीवर वाचावे लागते.