'द बिग हीट' : नायकाच्या स्वच्छ हातांची किंमत

प्रास्ताविक

भ्रष्ट पोलीस यंत्रणा आणि संघटित गुन्हेगारी यांचे साटेलोटे हा अमेरिकन 'फिल्म न्वार'चा एक प्रमुख विषय आहे. सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांच्या समितीने १९५०-५१ मध्ये घेतलेल्या सुनावण्या दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचल्या आणि हे साटेलोटे सर्वसामान्यांच्या चर्चेचा विषय झाले. या पार्श्वभूमीवर १९५३ मध्ये फ्रिट्झ लांग दिग्दर्शित 'द बिग हीट' प्रदर्शित झाला. एका प्रामाणिक अधिकाऱ्याने भ्रष्ट व्यवस्थेवर मिळवलेल्या विजयाची कथा म्हणून तो पाहिला जातो. हा विजय नेमका कोणाच्या कृतीमुळे शक्य झाला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सत्याचे भांडवल

चित्रपटाची सुरुवात टॉम डंकन या पोलीस अधिकाऱ्याच्या आत्महत्येने होते. मृत्यूपूर्वी त्याने सरकारी वकिलांच्या नावे कबुलीजबाब लिहून ठेवलेला असतो. त्याची पत्नी बर्था पत्र वाचते आणि पोलिसांऐवजी टोळीप्रमुख माइक लगाना याच्याशी संपर्क साधते. पत्र सुरक्षित जागी दडवून ती लगानाकडून नियमित पैसे घेऊ लागते. आपल्या मृत्यूनंतर ते उघड होईल, अशी तजवीजही तिने केलेली असते. येथे सत्य नष्ट होत नाही. त्याचे भांडवल होते. ते दडून राहण्यातच साऱ्यांचे हित सामावलेले असल्याने कायद्याच्या मार्गाने ते हाती येण्याची शक्यता उरत नाही. पोलीस आयुक्त लगानाच्या मुठीत आहेत आणि त्याच्या बंगल्यावर सरकारी खर्चाने पहारा आहे. शोध घ्यायचा तो कोणी, हाच प्रश्न आहे.

हात कोणाचे?

तपास अधिकारी डेव्ह बॅनियन हा शोध घेतो. त्याच्यासाठी मोटारीत पेरलेल्या बॉम्बने त्याची पत्नी केटी मरण पावते. तो पोलिसाचा बिल्ला परत करतो. रिव्हॉल्व्हर मात्र स्वतःच्या पैशाने घेतलेले असल्याने जवळ ठेवतो. पुढे बर्थाच्या घरी त्याचे हात तिच्या गळ्याभोवती आवळले जातात; परंतु ऐनवेळी पोलीस येतात आणि हत्या टळते. म्हणजे त्याचे हात स्वच्छ राहतात ते केवळ विवेकामुळे नव्हे, तर व्यत्ययामुळेही.

यानंतरचा हॉटेलच्या खोलीतील प्रसंग या दृष्टीने निर्णायक आहे. लगानाचा हस्तक व्हिन्स स्टोन याने उकळती कॉफी फेकल्यामुळे चेहरा विद्रूप झालेली त्याची मैत्रीण डेबी मार्श तेथे आश्रयाला आहे. बर्था मेली तर सारे बाहेर येईल, हे बॅनियन तिला सांगतो. तिला मारले असते तर तुझ्यात आणि स्टोनमध्ये फारसा फरक राहिला नसता, असे डेबी त्याला सुनावते. जाताना तो तिच्यापाशी रिव्हॉल्व्हर ठेवतो. डेबी बर्थाला गोळी घालते आणि पत्र उघड होते. बॅनियनने आज्ञा दिलेली नाही. परंतु माहिती त्याची आणि शस्त्रही त्याचेच. डेबी पुढे स्टोनच्या गोळीने मरते. गुन्हा शिक्षेविना सुटू नये, या तत्कालीन हॉलिवूडच्या निर्मितीसंहितेचीही त्यामुळे पूर्तता होते. बॅनियन मात्र स्टोनला ठार न मारता कायद्याच्या हवाली करतो. हा संयम त्याला परवडतो, कारण असंयमाचे मोल दुसऱ्या कोणीतरी आधीच चुकवलेले आहे.

'अर्धसत्य'शी तुलना

श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या मराठी कथेवर आधारित, विजय तेंडुलकर यांची पटकथा असलेला गोविंद निहलानी यांचा 'अर्धसत्य' (१९८३) येथे आठवतो. त्यातील अनंत वेलणकरचे हातही रामा शेट्टीच्या गळ्याभोवती आवळले जातात. पण तेथे कोणी आड येत नाही आणि त्याच्याऐवजी कृती करणारी डेबीही नाही. तो स्वतः हत्या करतो आणि पोलीस ठाण्यात जाऊन कबुली देतो. निहलानी नायकाला त्याच्या कृतीचे उत्तरदायित्व स्वीकारायला लावतात. लांग यांचा नायक त्यातून सुटतो.

समारोप

अखेरीस लगाना व आयुक्त यांच्यावर आरोप ठेवले जातात आणि बॅनियन आपल्या टेबलाशी परततो. नव्या गुन्ह्याची वर्दी येताच कॉफी गरम ठेवण्यास सांगून तो बाहेर पडतो. ज्या पदार्थाने एका स्त्रीचा चेहरा जळाला, त्याचा हा सहज उल्लेख प्रेक्षकाला अस्वस्थ करतो. बॅनियनला त्याची जाणीवही नसते. संस्था शुद्ध झाली असे मानणाऱ्याने तिच्या शुद्धीसाठी कोण खर्ची पडले, याचा हिशेब मांडलाच पाहिजे. बॅनियन तो मांडत नाही. चित्रपट मात्र तो प्रेक्षकासमोर उघडा ठेवतो, आणि यातच त्याचे श्रेष्ठत्व आहे, असे म्हणता येईल.