शटडाउनचे बटण कुठे गेले?

एप्रिल २०११ मध्ये ‘ग्नोम’ या लिनक्सच्या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती, ग्नोम ३, आली आणि संगणक बंद कसा करायचा, हा प्रश्न लिनक्सच्या मुरलेल्या वापरकर्त्यांनाही पडला. मेनूत नुसते ‘सस्पेंड’ दिसे. ऑल्ट दाबून धरले की त्याच जागी ‘पॉवर ऑफ’ उमटे. खिडकीचे मिनिमाइझ बटणही गायब. खाली टास्कबारच नाही, तर खिडकी मिटून ठेवायची कुठे, असा त्यामागचा युक्तिवाद. तर्काला धरून होता, पण वर्षानुवर्षे हाताला बसलेल्या वळणाचा विचार त्यात नव्हता. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांच्यासारख्यांनी उघड नापसंती व्यक्त केली. जुने ग्नोम २ जपण्यासाठी ‘मेट’ हा वेगळा डेस्कटॉप निघाला, लिनक्स मिंटने स्वतःचा ‘सिनॅमन’ काढला.

गंमत म्हणजे कात्री चालवण्याची विद्या ग्नोमला आधीपासून अवगत होती. पहिल्या ग्नोममध्ये पॅनेलवर साधे घड्याळ लावायचे तरी अनेक घड्याळांतून एक निवडावे लागे. २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने प्रत्यक्ष माणसांना ग्नोम १.४ समोर बसवून ती कुठे अडखळतात याची नोंद केली. ग्नोमचे विकासक हॅवक पेनिंग्टन तेव्हा सांगत होते, की प्रत्येक जादा पर्यायाची किंमत मोजावी लागते: तो तपासावा लागतो, सांभाळावा लागतो आणि वापरणाऱ्यालाही गोंधळात पाडतो. २००२ चे ग्नोम २ या विचारातून सुटसुटीत झाले. कुरकुर झाली, पण ते टिकले. अडखळणे पाहून केलेली छाटणी आणि आराखड्याच्या प्रेमातून केलेली छाटणी यांत फरक पडतो तो इथे.

मायक्रोसॉफ्टलाही २०१२ मध्ये तोच धडा मिळाला. विंडोज ८ मधून काढलेले स्टार्ट बटण वर्षभरात परत आणावे लागले. मेनू यायला विंडोज १० उजाडले.

ग्नोमचे सगळेच चुकले, असे नाही. माउस डाव्या वरच्या कोपऱ्यात ढकलला की सगळ्या खिडक्या पसरतात, ही सोय उत्तम. कोपरा चुकवणे अवघडच. २०२१ च्या ग्नोम ४० आधी वापरकर्त्यांचे संशोधनही झाले. मात्र नको तेवढे काढून उरलेले एक्स्टेन्शनवर, म्हणजे वरून बसवायच्या जोडण्यांवर, ढकलायचे, ही खोड कायम आहे. उबंटू ही लिनक्सची आवृत्ती स्वतःचा डॉक जोडूनच ग्नोम देते, आणि २०२३ च्या ग्नोम ४५ ने जुनी एक्स्टेन्शन एका झटक्यात निकामी केली.

लिनक्सच्याच केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपची वाट उलटी: हवे ते बदला. तिथे भीती सेटिंग्जच्या जंगलाची. पण अलीकडचे तिचे काम अधिक समंजस वाटते. नव्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत खुपतील असे दोष वेगळे काढून ते दुरुस्त करण्याची मोहीम २०२२ मध्ये सुरू झाली. केडीईच्या २०२४ च्या प्लाझ्मा ६ या आवृत्तीने फाइल उघडण्यासाठी एकाऐवजी दोन क्लिक ही बाकी जगाची सवय मूळ रचना म्हणून स्वीकारली. जुन्या मंडळींसाठी एका क्लिकचा पर्याय ठेवलाच.

मराठी टंकलेखनापर्यंत मात्र ही नजर अजून पुरती पोहोचलेली नाही. २०१२ च्या ग्नोम ३.६ पासून आयबस ही टंकलेखनाची प्रणाली गाभ्यातच आहे, लिपी बदलायला सुपर आणि स्पेस पुरते. पण आधी कळफलक जोडावा लागतो. त्या यादीत ‘आयट्रान्स’, ‘फोनेटिक’, ‘इनस्क्रिप्ट२’ अशी नावे येतात, आणि सोबत ‘एम१७एन’ हे एका सॉफ्टवेअर लायब्ररीच्या नावाचे शेपूट. कोणत्या कळीवर कोणते अक्षर येईल, हे निवडण्याआधी त्या नावांवरून उमगत नाही. ‘गमभन’ या मराठी टंकलेखन पद्धतीवर हात बसलेल्याला आपली पद्धत एम१७एनच्या संग्रहात आहे, याचाही पत्ता बहुधा नसतो.