महूचा तक्ता वाचताना

इंदूरजवळच्या महूत कोण कोण राहतं, हे सांगायची वेळ आली की आपण मंडळी जनगणनेचा तक्ता देऊन मोकळे होतो. मी अभियंता, आकड्यांशी माझं वाकडं नाही. पण मोजपट्टीच मध्ये बदलली असेल, तर मापं शेजारी-शेजारी मांडून काय उपयोग?

महू वसलं 1818 च्या मंदसौर तहानंतर, छावणी म्हणून. वस्ती आली ती पलटणींमागे. सुभेदार रामजी सकपाळांचं घराणं कोकणातल्या आंबडव्याचं. लष्करी शाळेतल्या नोकरीमुळे ते इथे होते, म्हणून 1891 साली बाबासाहेबांचा जन्म महूचा. मातृभाषेच्या रकान्यात महार शिपायाचं घर आणि होळकरी वाड्यातलं घर, दोन्ही नुसती ‘मराठी’. (आपल्या वारसा-लेखांत मात्र वाडाच जास्त दिसतो!) पारशी तर धर्माच्या मुख्य तक्त्यात ‘इतर’मध्येच जातात.

खरा घोळ अनुसूचित जातींच्या रकान्यात आहे. 1956 च्या धर्मांतरानंतर ज्यांनी स्वतःला बौद्ध नोंदवलं, ते 1961, 1971 आणि 1981 च्या मोजणीत या रकान्यात धरले गेले नाहीत. 1990 मध्ये कायदा बदलला आणि 1991 ला ते पुन्हा आत आले. घर तेच, माणसं तीच. तेव्हा 1981 आणि 1991 चे आकडे जोडून ‘बाहेरून दलित वस्ती आली’ असं कुणी लिहिलेलं दिसलं, तर आधी बौद्धांचा आकडा शेजारी ठेवून बघा.